कबुलायत आणि केरवोखे

मुक्काम स्टुटगार्ट

तीर्थरूप बाबा यांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

नव्या बिऱ्हाडाची हकीगत फोनवर सांगू लागलो तेव्हा ‘तोंडी सांगण्याला दप्तरात जागा नाही, लेखी कळव’ असे आपण फर्मावलेत, आणि मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्या आज्ञेचा अवमान करण्याची प्राज्ञा माझ्यात नसल्याने ही सविस्तर कैफियत सादर करीत आहे. प्रथमच निवेदन करतो की घर मिळाले आहे, सौ. व चिरंजीव खुशाल आहेत, आणि म्हणून पुढील मजकूर वाचताना आईने देव पाण्यात ठेवण्याचे कारण नाही.

या शहरात घर आपण पसंत करीत नाही, घर आपणास पसंत करते. जाहिरातीत दिलेल्या वेळी जावे तो जिन्याच्या तळापासून इच्छुकांची रांग लागलेली, आणि प्रत्येकाच्या काखेत कागदांचे एक बाड : मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, पूर्वीच्या घरमालकाचा भाडे बेबाक असल्याचा दाखला, आणि लोकांची पत नोंदवून ठेवण्यासाठी १९२७ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा उतारा. ऋण काढले नाही यात आपल्या घराण्याने पिढ्यानुपिढ्या धन्यता मानली. परंतु ज्याने कर्ज घेतलेच नाही त्याने ते वेळेवर फेडल्याची नोंद कोठून असणार? तेव्हा आमच्या उताऱ्यावर केवळ निर्मळ रिक्तता होती, आणि निर्मळ रिक्ततेवर येथे कोणाचाही विश्वास नाही. अर्जात पाळीव जनावरांचा व वाद्यांचाही एक रकाना होता. जनावरे निरंक लिहिली. वाद्यांपुढे मात्र चिरंजीवाचा तबला लिहावा लागला, कारण रकाना कोरा सोडणे आणि रकान्यात खोटे लिहिणे ही दोन्ही महापातके असल्याचे आपणच शिकवले आहे. घरमालक हे निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा सावरून या वाद्यास तारा किती, ते फुंकावे लागते काय, अशी बारकाईने चौकशी केली, आणि जर्मनच्या वर्गात नुकत्याच मिळवलेल्या आत्मविश्वासाने सौ.ने ‘मुलगा सराव करीत नाही’ एवढेच सत्य उच्चारले. माझ्या मते घर आम्हांस मिळाले ते या एका वाक्यावर.

कबुलायत आपण पाहावी अशी आहे. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार संपत आला की बारावा महिना उजाडताच भाडेकरू घराचा धनी होतो की काय या धास्तीने मालक आणि आता सामान कोठे हलवावे या धास्तीने भाडेकरू, असे दोघेही निद्रानाशाने पछाडले जातात. येथे करारास मुदतच नाही. भाडेकरूने सोडावयाचे तर तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी, मालकास मात्र स्वतःला राहावयास हवे यांसारखे कायद्याने मानलेले कारण लेखी दाखवल्यावाचून त्यास उठवता येत नाही. देशातील निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्याच घरात राहतात, त्यामुळे ‘अजून भाड्यानेच का?’ हा आपल्या नातेवाइकांचा आवडता प्रश्न येथे विचारणार तरी कोण आणि कोणास! अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, तीही भाडेकरूस तीन हप्त्यांत देण्याची मुभा आहे, आणि मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून अलग ठेवून तिच्यावरील व्याजही भाडेकरूचेच समजावयाचे असते. हे वाचून आपणास भरून आले असल्यास थोडे थांबावे, कारण भाडे दोन आहेत. एक शीत भाडे, ते निव्वळ भिंतींचे. आणि दुसरे उष्ण भाडे, ज्यात पाणी, घर तापवण्याचा खर्च, जिन्यातील दिव्यांची वीज, कचरा, इमारतीचा विमा आणि धुराडी तपासणाऱ्या इसमाचा मेहनताना यांची भर पडते. वर्षअखेर या सर्वांचा जमाखर्च होऊन बाकी एक तर मालकाकडून येणे निघते किंवा आमच्याकडून देणे. कोणते निघते हे अनुभवी मंडळींना विचारले असता ते नुसते हसतात.

ताबा घेण्याच्या दिवशी तर आपली फार आठवण झाली. मालकाच्या वतीने आलेल्या गृहस्थाने खिशातून विजेरी काढली आणि जो पंचनामा आरंभला, तो आपल्या कारकिर्दीतील कोणत्याही पंचनाम्यास खाली मान घालावयास लावील असा होता. पाण्याच्या, विजेच्या व तापकांच्या मापकांवरील आकडे लिहून घेतले. किल्ल्या मोजून प्रत्येकीचा क्रमांक टिपला. दिवाणखान्याच्या लाकडी जमिनीवर खुर्ची सरकवल्याचा ओरखडा, त्याची दिशा व लांबी. स्नानगृहातील एका फरशीच्या कोपऱ्यावरील, मला चष्मा लावूनही न दिसलेली चीर. मी मनात म्हटले, मनुष्य किती चिकित्सक आहे. परंतु आमच्या एका नागपूरकर स्नेह्याने पूर्वीच बजावले होते की हा तपशील मालकापेक्षा आपल्याच हिताचा, कारण घर सोडताना जी चीर कागदावर नाही ती आपण पाडलेली ठरते. ते ऐकून सौ.ने विजेरी आपल्या हाती घेतली, आणि त्यानंतर त्या गृहस्थास जेवणाची वेळ चुकवावी लागली.

आता स्वयंपाकघर. बाबा, स्वयंपाकघर नव्हतेच. म्हणजे खोली होती, खिडकी होती, भिंतीतून दोन नळकांडी आणि काही तारा डोकावत होत्या. परंतु ओटा, मोरी, नळ, कपाटे, शेगडी यांतील काहीही नव्हते, आणि लग्न आटोपून मांडव उतरवल्यावर अंगण दिसावे तशी ती खोली दिसत होती. छतावरील दिवेसुद्धा उतरवून नेलेले, तारांची टोके तेवढी लोंबकळत ठेवलेली. चोरी झाली असावी अशी सौ.ची समजूत झाली, परंतु चोरीचा संबंध नव्हता : येथील रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघर हे बहुधा भाडेकरूचे असते, आणि तो गेला की ते त्याच्यासोबत जाते. पूर्वीच्या भाडेकरूने ते आम्हांस विकत देऊ केले होते. या शहराचे आणि मुंबईचे १९६८ पासून भगिनीनगराचे नाते आहे, आणि त्याने सांगितलेली किंमत ऐकून पागडीची चाल त्या नात्यातूनच इकडे आली असावी असा मला संशय आला. आम्ही नकार दिला, आणि त्याने शांतपणे मोरीसह प्रस्थान ठेवले. नवे स्वयंपाकघर येण्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर विजेच्या एका शेगडीवर आमटी, तिच्याच वर भात, आणि भांडी घासणे स्नानाच्या टबात, असा संसार चालला. ‘ओट्याशिवाय घर’ ही वार्ता आईस हळूहळू सांगावी. पुढे कपाटे आली तीही रस्त्यापर्यंतच, कारण हे शहर डोंगरांच्या कढईत वसलेले असून त्यात चारशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत, आणि आमचे घर त्यांपैकी एकाच्या मध्यावर आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसास चढाचे भय नसावे हे खरे, परंतु अजिंक्यतारा चढताना मी कधी कपाट घेऊन गेलो नव्हतो.

राहावयास आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत वर्दी द्यावी लागते, आणि तीसाठी हे लोक माझ्याच घरात राहतात असा मालकाचा सहीचा दाखला लागतो. त्या कचेरीत रांग शिस्तीची, कारकून मितभाषी, शिक्का वाजणारा. मला क्षणभर घरी आल्यासारखे वाटले. नाव नोंदले गेल्यावर काही दिवसांत आलेले पत्र सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे होते : दरमहा १८.३६ युरो, दर घरामागे, घरात यंत्र असो वा नसो. आमच्याकडे यंत्र नाही; परंतु पैसे भरावयाचेच आहेत तर ऐकले पाहिजे, या सातारी न्यायाने सौ. भाकरी थापताना आता रोज जर्मन बातम्या ऐकते, आणि परवा बटाट्याच्या भावाबद्दल तिने मला जे सांगितले ते बरोबर निघाले.

घरनियमांचा एक छापील कागद दाराशी लावलेला आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता, दुपारी एक ते तीन शांतता, आणि रविवार तर अहोरात्र शांततेचा. रविवारच्या विश्रांतीस येथे राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतील १३९ वे कलम १९४९ च्या घटनेनेही कायम ठेवले आहे. त्यामुळे भिंतीत खिळा ठोकणे, रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकणे, गवत कापण्याचे यंत्र फिरवणे हे सर्व रविवारी वर्ज्य. मिक्सर कोठेच लिहिलेला नाही, परंतु त्याचा आवाज सौ.नेच स्वतःहून निषिद्धांत घातला आणि इडलीचे पीठ शनिवारी संध्याकाळी वाटण्याचा प्रघात पाडला. प्रश्न उरला दाण्याच्या कुटाचा. खलबत्ता हे यंत्र नव्हे, असा तिचा युक्तिवाद. खालच्या मजल्यावर छत हेच मृदंगाचे तोंड होते, असा माझा. अखेर तडजोड म्हणून खलबत्त्याखाली आपण दिलेली घोंगडी चौघडी करून घातली जाते, आणि कुटास लोकरीचा किंचित वास येतो.

फोडणीचे प्रकरण एवढ्या सामोपचाराने मिटले नाही. या प्रांतात झोपण्याच्या खोल्यांत आणि त्यांकडून बाहेर नेणाऱ्या वाटांवर धूरसूचक बसवणे २०१४ अखेरपासून सर्व जुन्या घरांनाही सक्तीचे आहे, आणि आमचा एक सूचक बोळात, स्वयंपाकघराच्या दारासमोर, छतावर दबा धरून बसलेला आहे. लसणीच्या फोडणीत सुक्या मिरच्या पडताच त्याने जी किंकाळी फोडली तिने तिन्ही मजल्यांची दारे उघडली. खालच्या आजीबाई, वय ऐंशीच्या पुढे, कमरेत ताठ, वर आल्या. कोठे आग लागली हे त्यांनी विचारले नाही, खिडक्या का मिटलेल्या आहेत एवढेच विचारले. घराला हवा देणे हे येथे नित्यकर्म आहे, किंबहुना आमच्या कबुलायतीत त्याचे स्वतंत्र कलम आहे. नव्या पद्धतीच्या घट्ट खिडक्यांमुळे श्वासाची, स्नानाची व भाताची वाफ आत कोंडते, थंड भिंतीवर तिचे पाणी होते आणि त्या ओलीवर बुरशी धरते. म्हणून दिवसातून अनेकदा, बाहेर पाणी गोठत असले तरी, तापक बंद करून सर्व खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्या लागतात. आजीबाईंनी दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात हवा देण्याचे वेळापत्रक लिहून आणून दिले. आता सकाळच्या पूजेस सौ. शाल, कानटोपी आणि हातमोजे घालून बसते, आणि निरांजन टिकत नाही.

यापुढील मजकूर आपल्या विशेष आवडीचा आहे. येथे केरवोखे नावाची एक संस्था आहे. जिन्याची, तळघराची आणि घरासमोरील पदपथाची झाडलोट बिऱ्हाडांनी पाळीपाळीने करावयाची, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीवर तशी पाटी लटकवावयाची. घाण आठवड्यातून एकदा बाहेर नेण्याची आज्ञा या नगराच्या १४९२ सालच्या नियमांत आहे. पुढे मानफ्रेड रोमेल महापौर असताना नगरपालिकेने आपल्यापुरती ही सक्ती उठवली, परंतु मालकांच्या कबुलायतींतून ती उठली नाही आणि लोकांच्या मनातून तर मुळीच नाही. माझ्या पहिल्या पाळीस मी शनिवारी पहाटे, कोणास उपद्रव नको म्हणून पाऊल न वाजवता, सारा जिना पुसून काढला. तो आधीच इतका स्वच्छ होता की पुसण्यापूर्वीचा आणि नंतरचा यांत भेद करणे शास्त्रज्ञासही अवघड गेले असते. दुपारी आजीबाईंनी जिना केव्हा होणार म्हणून विचारणा केली. झाला, म्हटले. ‘आम्ही बादली ऐकली नाही,’ त्या म्हणाल्या. नोंद नाही तर काम नाही, हे तत्त्व आपल्या कचेरीबाहेर प्रथमच मला भेटले. तेव्हापासून मी बादली प्रत्येक पायरीवर आपटतो, आणि आमची गणना सज्जनांत होऊ लागली आहे.

एका बाबतीत आपला अभिप्राय हवा आहे. दिवाळीच्या आठवड्यात पाटी आमच्याच दारावर होती, आणि सौ.ने जिना पुसून दारासमोर ठिपक्यांची रांगोळी काढली. आजीबाई आल्या, चष्मा लावून कितीतरी वेळ वाकून पाहत राहिल्या, ठिपके मोजले, एक ओळ एका ठिपक्याने कमी असल्याचे दाखवून दिले (ते खरे होते), आणि मग विचारले की रविवारी सायंकाळी पाटी त्यांच्याकडे जाईल, तर ही भुकटी तत्पूर्वी आम्ही काढावयाची की नंतर त्यांनी? सौ.चे म्हणणे, रांगोळी हे स्वच्छतेचे लक्षण आहे. आजीबाईंचे म्हणणे, लक्षण असेल, पण ती जमिनीवर आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी विना शेरा पुढे पाठवीत आहे.

फराळाचा डबा पाठवाल तेव्हा पाकिटावर आपले आडनाव ठळक लिहावे, कारण येथे इमारतीस क्रमांक असला तरी आतील बिऱ्हाडास बहुधा नसतो. पत्रपेटीवरील नाव जुळले तरच टपाल पेटीत पडते, न जुळले तर माघारी जाते. मजला, बाजू वगैरे लिहिण्याची आवश्यकता नाही, आणि ‘मारुतीच्या देवळामागे’ असे तर कृपा करून मुळीच लिहू नये. मागील खेपेस आपण लिहिलेत, आणि टपालवाल्याने सौजन्याने मला विचारले की हे मारुती कोणत्या मजल्यावर राहतात.

आईस शिरसाष्टांग नमस्कार. कळावे, आपला आज्ञाधारक.