समुद्रभाऊ

जेवायला मीच बोलावलं होतं, म्हणजे चूक माझीच. पण पानावर बसल्या बसल्या खिशातून ड्रॉपर काढून वरणाचा थेंब उचलणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. हत्यार वेगळं असेल. कुणाकडे रक्तदाबाचं यंत्र असतं, कुणाकडे वास्तुशास्त्राचं होकायंत्र. आमच्या समुद्रभाऊंकडे पाण्याचा खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे. थेंब काचेवर सोडला, वरची पट्टी मिटली, एक डोळा बंद, दुसरा नळीला, तोंड ट्यूबलाइटकडे.

"अठरा," ते म्हणाले. "समुद्राचे पस्तीस रायते, वहिनी."

हिच्या हातातला भाताचा डाव तसाच हवेत राहिला.

आमचं यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. समुद्राशी आमचा संबंध तेवढाच, की उंची त्याच्यापासून मोजतात. पण पाटबंधारे खात्यात धरणाची पातळी रजिस्टरात लिहिता लिहिता निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी फंडाच्या पैशातून दिवाणखान्यात दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. तरुणपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभे राहिले होते. मनानं तिथून निघालेच नाहीत, असं वहिनी म्हणतात.

लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो मीठ. तेही वाण्याकडचं चालत नाही, खास मत्स्यालयाचं लागतं. ते मुंबईहून ट्रॅव्हल्सनं आलं. पोतं उतरताना पाहून शेजारच्या काकूंनी आपुलकीनं विचारलं, "कैऱ्या कितीच्या आणल्या?"

अशी टाकी आधी महिना-दीड महिना माशांशिवाय चालवायची असते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणू वाळूत-दगडांत रुजायला तेवढा वेळ लागतो. भाऊंनी सत्यनारायणाचा मुहूर्त धरला. तिसऱ्या दिवशी मासे आत, आठव्या दिवशी चार बाहेर. अमोनिया त्या नळीतून दिसत नाही. "पस्तीस तं हाय ना बे, मंग मेले कावून?" असं ते मलाच दरडावून विचारत, जणू मीच रात्री येऊन काही कालवून गेलो होतो.

मग मे महिना आला. पारा चव्वेचाळीसवर. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून घटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानं करायची असते. भाऊ समुद्राच्या अभिमानापोटी खारंच ओतत राहिले आणि आकडा एकेचाळीसवर गेला. तो उतरवला, तर माशांच्या अंगावर पांढरे ठिपके. त्यावर तांब्याचं औषध घातलं. ठिपके गेले, पण तांबं कोळंबीला विष, तीही गेली. वहिनींच्या फ्रीजरमध्ये कुल्फीच्या जागी टाकीत तरंगवायच्या बर्फाच्या बाटल्या आल्या. समुद्राच्या खोलीत एसी लागला. जावयाला मात्र कूलर.

नळी एव्हाना लग्नकार्यातही फिरू लागली होती. ते यंत्र चव घेत नाही, थेंबातून प्रकाश किती वाकतो तेवढंच पाहतं. साखर आणि मीठ त्याला सारखंच. एका मांडवात भाऊंनी जिलबीचा पाक लावला. आकडा पट्टीच्या बाहेर. "मृत समुद्र हाय!" त्यांनी आचाऱ्यापुढे जाहीर केलं. वधूपिता अजून माझ्याशीही बोलत नाहीत.

शेवटी एक क्लाऊन माशांची जोडी तेवढी टिकली. या जातीत मादी मेली की नरच मादी होतो, हे भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आमच्याकडे सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं की नवरे जे करतात, त्याच्याच जवळपासचं हे.

एका रात्री दोन वाजता दार वाजलं. लाइट गेलेली, पंप बंद. भाऊ बनियनवर, हातात टॉर्च. "चाल, तुह्या हाताचं काम हाय." टाकीतलं पाणी लोट्यानं उचलायचं आणि हातभर उंचीवरून परत सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. दहा मिनिटं मी, दहा मिनिटं ते. टॉर्चच्या उजेडात ते दोन जीव पृष्ठभागाशी तोंड उघडत-मिटत होते. साडेचारला पंखा फिरला. मी घामानं निथळत होतो. भाऊंनी माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं आणि ड्रॉपर शोधायला लागले.

तो उन्हाळा 2018 चा. निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणं तळाला गेलेली, पंधरा-पंधरा दिवस नळ नाही. टाकीचं पाणी बदलायला भाऊंनी आरओच्या पाण्याचे दोन ड्रम जपून ठेवले होते. आम्ही त्यावर यथेच्छ बोलूनही घेतलं होतं. टँकर चुकला त्या आठवड्यात एका सकाळी माझ्या दारात दोन भरलेल्या कळशा होत्या. समोरच्या दारातही दोन. काकूंच्याही. कुणाच्या, हे विचारायची गरज नव्हती. झाकणांवर मिठाच्या पोत्याचं प्लास्टिक बांधलेलं होतं.

पुढं तीन आठवडे टाकीचं पाणी बदललं गेलं नाही. मादी गेली. नराला मादी व्हायलाही सवड मिळाली नाही. मी गेलो तेव्हा भाऊ खिडकीपाशी नळी धरून उभे होते. "पस्तीस," एवढंच म्हणाले.

टाकीत आता वहिनी तूरडाळ ठेवतात. काचेवर मिठाची पांढरी रेघ आहे, धरणाच्या भिंतीवर पातळीची असते तशी. भाऊ ती पुसू देत नाहीत.

नंतरच्या एका पावसाळ्यात निळोणा भरून सांडायला लागलं, तेव्हा आम्ही बघायला गेलो. लोक भाजलेली कणसं खात फोटो काढत होते. भाऊ खाली वाकले, थेंब घेतला, काचेवर सोडला आणि नळी आभाळाकडे धरली. ढगांमुळे उजेड कमी होता, बराच वेळ लागला.

"किती?" मी विचारलं.

"शून्य."

त्यांनी काच रुमालानं पुसली आणि पुन्हा एक थेंब घेतला.