अप्पांचं आकाशचिन्ह

आमच्या पेठेतल्या पाट्या वाचायला बाहेरगावची माणसं येतात. अप्पांची पाटी वाचायला मात्र खुर्ची घेऊन बसावं लागतं, कारण ती सरकते. लाल अक्षरं उजवीकडून निघतात आणि डावीकडे गडप होतात. 'साबुदाणा वडा' यायच्या आधी परवान्यासाठीच्या अर्जाचा आवक क्रमांक, फलकाची लांबी-रुंदी आणि 'सदर फलक रात्री साडेदहाला बंद होईल, गैरसमज नसावा' एवढं सगळं जातं. तोवर कढईतला घाणा निघून गार झालेला असतो.

अप्पा बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी उपवासाच्या पदार्थांचं दुकान टाकलं. काही माणसांना नियम मोडायची खाज असते, अप्पांना पाळायची आहे. खरं सांगायचं तर शेजार म्हणून पहिल्या जातीची माणसं परवडतात. रात्री अकराला चौकात चिटपाखरू नसताना अप्पा लाल दिव्यासमोर स्कूटर बंद करून उभे राहतात. मागून कोणी हॉर्न वाजवला तर उतरून त्याच्यापाशी जातात आणि समजूत घालतात. तेवढ्यात दिवा हिरवा होऊन परत लाल होतो. मग दोघंही थांबतात.

डिजिटल पाटी आणली मुलानं. "बाबा, लावून टाकू," एवढंच तो म्हणाला. 'लावून टाकू' हे शब्द अप्पांच्या घरात शिवीच्या जवळपास मोडतात. पाटी खोक्यातच राहिली आणि अप्पा महापालिकेचा 1949चा कायदा घेऊन बसले.

आता त्यात गंमत अशी आहे की आपल्याच दुकानावर आपल्याच धंद्याची साधी रंगवलेली पाटी लावली तर कलम 245 आपल्या वाटेला जात नाही. त्याच पाटीत दिवा पेटला की परवानगी हवी. हे वाचून दुसरा माणूस हिरमुसला असता. अप्पा खुलले. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या ठोक्याला महापालिकेच्या खिडकीवर हजर.

"साहेब, दिवा असला की परवाना लागतो. मग वीज गेली की काय?"

"काय म्हणजे?"

"वीज गेली की पाटी प्रकाशित राहत नाही. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. तेवढ्या तासांची फी वळती होईल का?"

खिडकीतल्या गृहस्थांनी आधी चष्मा काढला, मग पुसला. माणूस भला होता. "अहो अप्पा, लावा की. सगळेच लावतात." अप्पांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "हेच जरा लिहून देता?"

मराठीचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना पूर्वी मराठी पाटीतून सूट होती, ती 2022च्या दुरुस्तीनं गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं 2023च्या सप्टेंबरात दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा साऱ्या बाजारात रंगाऱ्यांचे भाव वधारले होते. अप्पांची पाटी मुळातच मराठी, त्यांना काय फरक पडणार? पण मुलानं खाली इंग्रजी नाव टाकलं होतं. नियम सांगतो की मराठी अक्षरं फलकावर सुरुवातीलाच हवीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत. आकाराचं ठीक आहे, फूटपट्टी लावता येते. पण फिरत्या पाटीची सुरुवात कुठली?

"हे बघा," अप्पांनी मला भर दुपारी गाठलं. "आधी मराठी जातं, मग इंग्रजी. मग परत मराठी. म्हणजे दुसऱ्या फेरीपासून मराठी इंग्रजीच्या मागे आलं की नाही?"

"अप्पा, कोण एवढं बघतंय?"

"मी बघतोय."

दोन रात्री त्यांना झोप नव्हती. शेवटी इंग्रजी काढूनच टाकलं आणि त्या जागी मराठीतच 'वरील मजकूर प्रथम मराठीत होता' अशी नोंद घातली.

दुकानाला एका किल्ल्याचं नाव आहे. (कोणत्या ते लिहीत नाही, लिहिलं तर अप्पा माझ्याकडे फलकाचा परवाना मागतील.) जिथे मद्य विकलं किंवा दिलं जातं त्या दुकानांना गडकिल्ल्यांची आणि थोर माणसांची नावं देता येत नाहीत, हाही त्याच 2022चा नियम. अप्पांनी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की आमच्याकडे शेंगदाण्याच्या आमटीपलीकडे काहीही अंगावर येणारं मिळत नाही. हे त्यांच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. खिडकीतल्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं आणि घरी दाखवायला म्हणून झेरॉक्स काढून नेलं.

मध्यंतरी एका भाऊंचा वाढदिवस आला. समोरच्या खांबांवर एवढा मोठा फ्लेक्स चढला की अप्पांचा वडा पार झाकला गेला. दुसरा कोणी भांडला असता. अप्पांनी टेप लावून फ्लेक्स मोजला, भाऊंच्या नावानं परवानगीचा अर्ज स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात भरला आणि कार्यकर्त्यांपुढे धरला. "विनापरवाना फलकाला तीन महिने कैद किंवा दोन हजार दंड होऊ शकतो, 1995चा कायदा आहे. तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. फ्लेक्स त्याच रात्री पुढच्या चौकात गेला.

पण अप्पांना खरं पछाडलं ते कलम 244मधल्या आकाशचिन्हानं. महापालिकांमध्ये आकाशचिन्ह विभाग असतो. कवीनं चालवायला घ्यावं असं नाव, आत मात्र फायलीच. ज्या जाहिरातीमागे रस्त्यातल्या कुठल्याही बिंदूवरून आकाश दिसतं, ती आकाशचिन्ह. जाहिरातीचा फुगासुद्धा त्यात येतो. अप्पांची पाटी पत्र्यावरच्या लोखंडी सांगाड्यावर. उभं राहून पाहिलं की मागे चार मजली इमारतीची भिंत दिसते. सुटलो म्हणायचं आणि घरी जायचं. पण कायद्यात 'कुठल्याही' असा शब्द आहे, आणि अप्पांनी तो शब्द आयुष्यात कधी हलका घेतलेला नाही.

परवा संध्याकाळी सहाला विभागाचे निरीक्षक पाहणीला आले. तेरावा अर्ज होता, बिचाऱ्यांना यावंच लागलं. अप्पांनी दुकानासमोर गटाराच्या झाकणाशेजारी कालचं वर्तमानपत्र अंथरलं.

"इथं आडवे व्हा."

"अप्पा, माझी पॅन्ट…"

"कागद स्वच्छ आहे. संपादकीय पान वर घेतलंय."

निरीक्षक डोक्याखाली फाईल घेऊन आडवे झाले. एक रिक्षावाला थांबला. "काय झालं, चक्कर आली का साहेबांना?"

"सरकारी काम चालू आहे," अप्पा म्हणाले. "पुढे चला."

वर लाल अक्षरं सरकत होती. आवक क्रमांक गेला, लांबी-रुंदी गेली.

"दिसतंय का?"

"थोडं दिसतंय," खालून आवाज आला. "वड्याच्या वर, दोन बोटं."

अप्पांनी पेन आणि पॅड खाली दिलं. "मग उठू नका. तिथूनच लिहा."