पोले साना, बाबू!

रविवारी काही म्हणजे काहीही करायचं नाही, हा बेत मी सोमवारपासूनच आखत होतो.

टांझानियाच्या उसाम्बारा डोंगरात लुशोटो नावाचं गाव आहे. उंची १४०० मीटरच्या आसपास, सकाळी धुकं, उतारावर केळी आणि मका. महाबळेश्वरकराला इथे स्ट्रॉबेरी तेवढी चुकल्यासारखी वाटेल. त्याच्या जवळच्या एका खेड्यात, बँकेतून निवृत्त झाल्यावर, मी बायकांच्या बचत गटाला तीन महिने हिशोब शिकवायला गेलो होतो. फुकट. बायकोच्या मते हिशोब तिथेच चुकला.

बचत गटाला तिकडे विकोबा म्हणतात आणि हिशोबाला हेसाबू. दुकान म्हणजे दुका, विमा म्हणजे बिमा, लाख म्हणजे चक्क लाकी. त्यामुळे स्वाहिली ही अर्धी आपलीच भाषा आहे, असा माझा समज झाला. घात नेहमी अशा अर्ध्या आपल्या गोष्टीच करतात. उदाहरणार्थ, आमच्या घरमालकीणबाई 'मामा' होत्या, कारण मामा म्हणजे आई. त्यांच्या तरण्याताठ्या मुलीला सगळे 'दादा' म्हणत, कारण दादा म्हणजे ताई. आणि तिचा भाऊ, वय वर्षे एकोणीस, हा 'काका'. मी बँकेत चौतीस वर्षं बाबू होतो; इथेही बाबूच झालो. इथे बाबू म्हणजे आजोबा.

तर शनिवारी रात्री जेवताना मी छाती फुगवून स्वाहिलीत जाहीर केलं, "उद्या मी साआ नानेपर्यंत झोपणार." साआ म्हणजे वाजले, नाने म्हणजे आठ.

मामांचा हात ताटातच थांबला. "साआ नाने?"

"साआ नाने!" मी ठासून सांगितलं. आठ वाजेपर्यंत झोपलं तर काय आभाळ कोसळतं?

सकाळी जाग आली ती शांततेने. रोज पाच वाजता माझ्या खिडकीखाली बोंब मारणारा कोंबडा गप्प होता. (त्याला रात्रीच शेजारी पोचवलं होतं, हे नंतर कळलं.) अंगणात कुणी झाडत नव्हतं. मी आठाला उठून व्हरांड्यात आलो आणि पाहतो तर माझा अख्खा विकोबा बाकांवर बसलेला. अकरा बायका, चेहरे सुतकी.

"पोले, बाबू. पोले साना."

पोले म्हणजे तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. ठेच लागली की पोले, प्रवासाहून आलात की पोले, घरात मयत झालं तरी पोलेच. मी म्हटलं, कुणाचं काय झालं? तेवढ्यात एकीने माझ्या कपाळाला हात लावला आणि मला कळलं की झालंय ते मला.

"हबारी?" मामांनी विचारलं. कसं काय?

"न्झुरी," मी म्हणालो. छान.

बायकांनी हळहळून एकमेकींकडे पाहिलं. कारण तिथल्या रीतीप्रमाणे घर जळत असलं तरी आधी 'न्झुरी' म्हणायचं आणि मग आगीचं सांगायचं. मी जितक्या वेळा छान म्हणालो, तितका माझा आजार वाढत गेला.

मग उपचार सुरू झाले. आधी पातळ गरम उजी, म्हणजे मक्याच्या पिठाची पेज. मग आल्याचा चहा. मग एका आजीबाईंनी पदरासारख्या कांगाच्या गाठीतून सुकलेली पानं काढली, उकळली आणि पेला माझ्या तोंडाला लावला. औषधाचं नाव म्वारोबाइनी. चाळीस रोगांवर चालतं म्हणून चाळिसावरून नाव. पहिल्या घोटालाच मी ओळखलं. कडुनिंब! गुढीपाडव्याला मी जो आयुष्यभर हातचलाखीने खिशात टाकत आलो, त्याने समुद्र ओलांडून मला गाठलं होतं.

दहाच्या सुमारास काका बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, घेऊन आला. गाडी बजाज बॉक्सर, म्हणजे आमच्या आकुर्डीच्या कंपनीची. माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. पुढे चालवणारा काका, मागे धरायला दादा आणि मध्ये मी. या बैठकीला तिकडे मिश्काकी म्हणतात, म्हणजे सळईवर ओवलेले मांसाचे तुकडे. नाव अगदी अचूक आहे.

ओवला जाता जाता मी ओरडलो, "अहो, पण मला आजारी ठरवलं कुणी?"

"तुम्हीच," मामा म्हणाल्या. "साआ नानेपर्यंत धडधाकट माणूस झोपतो का?" आणि त्यांनी बरोब्बर डोक्यावरच्या आभाळाकडे, जरा पश्चिमेला बोट दाखवलं.

तेव्हा डोक्यात घंटा वाजली. स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागेच उगवतो. सात वाजले की पहिला तास, साआ मोजा. आठ म्हणजे साआ म्बिली. आणि साआ नाने म्हणजे दुपारचे दोन! हे मी पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून घेतलं होतं, लाल शाईने.

अकरा बायका हसल्या त्या डोंगरापलीकडे ऐकू गेल्या असतील. गाडी आलीच होती, तर काका-दादांनी मला इरेंटेच्या कड्यावर नेलं. खाली शेकडो मीटर सरळ तुटलेला कडा आणि पलीकडे पसरलेलं सपाट मैदान, त्यात घायपाताचे मळे. १८९३ साली एका जर्मनाने फ्लोरिडातून आणलेल्या रोपांपासून ही घायपाताची शेती सुरू झाली. मी खडकावर पाय पसरले, डोळे मिटले. सुट्टी अखेर सुरू झाली.

"शिकामो, बाबू!" शेळ्या वळणारी पोरं. शिकामो म्हणजे पाया पडतो. थोरांनी 'मरहबा' म्हणायचं असतं, न म्हटल्यास घोर अपमान. पोरं नऊ होती. शेळ्या बोलत नाहीत, हे माझं नशीब.

मंगळवारी विकोबाची बैठक झाली. अडीअडचणीच्या निधीच्या पानावर नवा खर्च पडला होता: बाबूचा आजार, अंडी ५०००, साखर ३०००, एकूण ८००० शिलिंग. मी तपासून खाली सही केली. बेरीज बरोबर होती.