आजोबांच्या काळचं सागवान

अमरावतीत काय नि अकोल्यात काय, जुनं घर पाडलं की मलब्यातून 'आजोबांच्या काळचं सागवान' निघतंच. चौकट कडुनिंबाची असो की बाभळीची, मालकाच्या तोंडी ती सागवानाचीच. त्यातही मेळघाटातली, आजोबांनी परतवाड्याहून स्वतः पारखून आणलेली. 1973-74 साली मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आला, पण आमच्याकडच्या आजोबांच्या बैलगाड्या अजून सागवान भरून घाट उतरताहेतच.

आमच्या काकाजींना अशाच एका दरवाजाचा टीपॉय करायचा होता. मिस्त्रीने कोपऱ्यातून एक ढलपी काढली, नाकाशी धरली आणि मान डोलावली. सागवान खरंच निघालं. काकाजींची छाती फुगली तेवढ्यात मिस्त्रीने खिशातून लोहचुंबक काढलं.

"लाकूड सोनं हाय काकाजी, पन पोटात खिये किती हायेत ते पाहू द्या."

रंधा मशीनचा दंडगोल मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतो. त्यावरच्या पात्यांना खिळा लागला तर धार तुटते, तुकडा कोणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. म्हणून लोहचुंबक फळीभर फिरलं आणि घराण्याचा इतिहास बाहेर येऊ लागला. वरच्या अंगाला तोरणाच्या चुका, त्याखाली कॅलेंडरचा खिळा, कडेला वायरच्या क्लिपा, मधोमध लिंबू-मिरचीची तार. सगळ्यात वाईट म्हणजे डोकं तुटून आत राहिलेला खिळा. वरून दिसत नाही नि पकडीत येत नाही. तो कोणी ठोकला यावर काकू म्हणाल्या, "तुमच्याच भावानं." मग पकड बाजूला राहिली आणि वाटणीचा विषय निघाला.

खिळे संपले तसा ऑइलपेंट खरवडला, फटीतली माती ब्रशने झाडली. मातीने पातं बोथट होतं, आणि सागात मुळातच सिलिका असल्याने धार तशीही लवकर जाते. मग फळी सपाट फरशीवर ठेवली. एक कोपरा डुगडुगला.

"मशीन करंल ना सरळ," काकाजी म्हणाले.

नाही करत. रोलरखाली दबून पीळ असलेली फळी सरळ दिसते, बाहेर पडली की पुन्हा मूळ स्वभावावर जाते. आधी एक बाजू हातरंध्याने सपाट करायची, मग ती खाली ठेवून दुसरी मशीनला द्यायची. एका वेळी जेमतेम मिलिमीटरभर, तेही लाकडाच्या रेषेची दिशा पाहून. उलट्या रेषेने फळीचे तंतू उपसून निघतात. हलणारी गाठ तर गोळीसारखी सुटते.

पायांसाठी काकाजींनी ओली बाभूळ आणली होती. "अकोल्याच्या उन्हात टाकली की चार दिवसांत वाळंल!" वाळंल आणि फाटंल. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लाकडाची टोकं आधी सुकतात, तिथूनच तडे जातात. सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन, टोकांना रंग लावून महिनोन्‌महिने रचून ठेवावी लागते. वीतभर तुकडेही मिस्त्रीने परत केले. दोन्ही रोलरांच्या पकडीत येत नाहीत, मधेच फिरतात.

शेवटी मशीन सुरू करायची वेळ आली. काकाजी गळ्यात दुपट्टा गुंडाळून पात्याशी वाकून पाहत होते. मिस्त्रीने बटणावरचा हात काढला.

"दुपट्टा काढा पयले."

"अन्‌ ऊन लागलं तं?"

"ऊन लागलं तं खिशात कांदा ठेवा. दुपट्टा मशीनले लागला तं कांदा ठेवाले खिसाबी राहनार नाई."