मिसिंगकाका

गाडी सुरू झाली की मिसिंगकाका डोळे मिटतात. कान बॉनेटकडे, बोटं मांडीवर ठेका धरलेली, आणि चेहरा मैफलीत पुढच्या रांगेत बसलेल्या जाणकारासारखा. मग डोळे उघडून निकाल सुनावतात, "मिसिंग आहे." त्यांचं खरं नाव आता मेंटेनन्सच्या पावतीवर तेवढं उरलंय.

काकांचं सगळं शिक्षण प्रीमियर पद्मिनीवर झालं. तिच्या डिस्ट्रिब्युटरमधून चार प्लगना चार वायरी जायच्या. इंजिन चालू ठेवून एकेक वायर उपसायची. वायर काढल्यावर गाडी आणखी लंगडली तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. तो आधीपासूनच बसून खातोय. या परीक्षेत शॉक बसायचा तो वेगळाच. "शॉक बसला म्हणजे स्पार्क आहे. साधं शास्त्र!" काका अजूनही अंगठा चोळत सांगतात.

त्यांचं ज्ञान खोटं नाही, हीच खरी अडचण. मिसिंगची कारणं मुळात चारच: ठिणगी नाही, पेट्रोल पोचत नाही, हवेचं प्रमाण बिघडलंय, नाहीतर कॉम्प्रेशन गेलंय. काका चारही कारणं एका दमात सांगून मोकळे होतात. त्यामुळे गॅरेजचं बिल कशाचंही येवो, "मी म्हणालो होतोच" हे वाक्य तयार असतं. अलीकडे त्यांच्या यादीत पाचवं कारण आलंय, पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल. परवा लिफ्ट बंद पडली तेव्हाही त्यांच्या तोंडून आधी तेच निघालं, मग सावरले.

पावसाळ्यातल्या एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंची गाडी सुरू होताच थरथरायला लागली. आरशातलं सगळं पार्किंग हलत होतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत होता. काका दुधाची पिशवी हातात घेऊनच हजर.

"एक सिलिंडर मारत नाहीये. प्लग काळे पडलेत. काढा, पॉलिश पेपर मारा."

ताईंच्या गाडीत इरिडियमचे प्लग होते. त्यांचं टोक सुईसारखं बारीक असतं. पॉलिश पेपर मारला की प्लग स्वच्छ होतो आणि कामातून जातो. पण त्यावर वाद व्हायच्या आत काकांचा दुसरा सल्ला आला, "नाहीतर हायवेला न्या आणि दाबून चालवा. कार्बन जळून जाईल."

जळलं असतं, पण भलतंच. दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते; उघडझाप करत असेल तर गाडी थांबवायची असते. न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. प्लगच्या पैशांत मिटणारं प्रकरण मग हजारोंवर जातं. ताईंनी गाडी बंद केली आणि मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक म्हणजे विशीतला पोरगा. त्याने तळहाताएवढा स्कॅनर स्टिअरिंगखाली खुपसला. कोड आला पी ०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर.

"मी म्हणालो होतोच," काका म्हणाले.

"कुठला सिलिंडर ते कळलं काका. का, ते कुठे कळलंय?" असं म्हणून पोराने त्यांच्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. "टोक इंजेक्टरवर टेकवा, मूठ कानाला लावा. चौघांपैकी कुठला गप्प आहे ते सांगा."

काका वाकले. दुधाची पिशवी ताईंकडे गेली. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत होतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरने मिनिटाला चारशे वेळा पेटायला हवं. काकांनी चारही इंजेक्टर ऐकले, तिसरा दोनदा ऐकला, आणि म्हणाले, "चारही टकटकतायत. तिसरासुद्धा." पार्किंगमध्ये क्षणभर शांतता पसरली. "मला वाटतं", "आमच्या पद्मिनीला" किंवा "इथेनॉल" यांपैकी काहीही नसलेलं काकांचं वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

पोराने इंजिन बंद केलं, दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि गाडी पुन्हा सुरू केली. थरथर तीच, पण कोड आता पी ०३०२. मिसिंग कॉइलबरोबर शेजारच्या घरी राहायला गेलं होतं. गुन्हेगार सापडला, त्याला बिघडवणारा कोण, तेही दिसत होतं. कॉइलचं रबर तेलाने फुगून मऊ पडलं होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं आणि तेल प्लगच्या खोबणीत साचत होतं. नुसती कॉइल बदलली असती तर नवीही त्याच तेलात बसली असती. पॅकिंग, कॉइल आणि प्लग बदलल्यावर इंजिन असं शांत झालं की ताईंनी ते बंद पडलं समजून पुन्हा किल्ली फिरवली.

या प्रकारातून काकांनी धडा घेतला. आता ते कारणं सांगत नाहीत, तपासाची पद्धत सांगतात. गेल्या आठवड्यात बी विंगमधल्या मुलाची स्कूटर ठसकत होती.

"अंदाजाने पार्ट बदलू नकोस," काका गंभीरपणे म्हणाले. "आधी दोन नंबरची कॉइल तीनला लावून बघ."

"काका, हिला सिलिंडर एकच आहे."

काका तसूभरही हलले नाहीत. "मग झालंच की निदान! दोष त्याच सिलिंडरचा."