भोर ते महाड, व्हाया किंगपिन

भोरहून वरंधा घाटाने महाडला निघालं, की जुनी जीप हे प्रवासाचं साधन आहे की मुक्कामाचं ठिकाण, याचा निकाल शेवटपर्यंत लागत नाही. नव्या गाडीतली माणसं नीरा-देवघर धरणाचं पाणी बघतात, फोटो काढतात, काचा वर करून गाणी लावतात. जुन्या जीपवाल्याला डोळ्यांचा उपयोग फक्त खड्ड्यांपुरता. बाकी सगळा प्रवास तो कानांनी करतो. गिअरबॉक्सची घरघर कालच्याइतकीच आहे ना? ही नवी कुईकुई फॅनबेल्टची की पाट्याच्या बुशची? आणि आत्ता मागे जे टण्णकन वाजलं तो जॅक होता, की ज्याच्यावाचून जीप पुढे जाणार नाही असं काही? हिरडोशी कधी आलं आणि कधी गेलं, हे त्याला विचारू नये. अशा वाहनाचं प्रवासवर्णन लिहायचं तर त्यात निसर्गापेक्षा नट-बोल्टच जास्त येणार. या वर्णनामागे एक आग्रहही आहे, तो आधीच सांगून टाकलेला बरा: जुन्या जीपवर हौसेने जे नवीन चढवलं जातं, त्यातलं पुष्कळसं म्हणजे न केलेल्या निदानावर घातलेलं पांघरूण असतं. घाट ते पांघरूण एकेका वळणावर ओढून काढतो.

जीप म्हणजे कोणती, हेही स्पष्ट करायला हवं, कारण आपल्याकडे कपाळ सपाट असलेल्या कुठल्याही गाडीला जीप म्हणतात. इथे डोळ्यांसमोर दोन आहेत. एक उंच बॉनेटची सीजे-३बी. विलीजने ती १९५३ मध्ये काढली, आणि महिंद्राने पुढे कित्येक वर्षं आपल्याकडे बनवली. दुसरी तिच्याच घराण्यातली एमएम ५४०, प्युजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनची. या इंजिनाची मूळ ताकद साधारण बासष्ट अश्वशक्ती. आज त्यातले किती घोडे हजेरीपटावर आहेत आणि किती आजारी रजेवर, हे मालकालाही नक्की ठाऊक नसतं. ते जाणून घेण्याचा मार्ग आहे: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासायचं, नोझल काढून बघायचे, पंपाचं टायमिंग पाहायचं. त्याला अर्धा दिवस लागतो आणि हात काळे होतात. दुसरा मार्ग म्हणजे मोठे टायर घ्यायचे. त्याला हात काळे होत नाहीत आणि गल्लीतली पोरं बघायला येतात. बहुतेक लोक दुसरा मार्ग पत्करतात.

आता हे टायर काय करतात ते बघा. सीजेला मूळचे ६.००-१६ मापाचे अरुंद टायर, उंची साधारण अठ्ठावीस इंच. त्यांच्या जागी एकतीस इंची बसवले की चाकाचा घेर दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो. स्पीडोमीटर पन्नास दाखवतो तेव्हा जीप पंचावन्नने धावत असते, आणि चढाला जिथे तिसरा गिअर पुरत होता तिथे दुसरा मागते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पाट्याला घासतो, खड्ड्यात मडगार्डला लागतो. मग गाडी उचलायला लांब शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या, येतात. पुढच्या पाट्याचा शॅकल लांबवला की अॅक्सलचा कल बदलतो, त्याच्याबरोबर किंगपिनचाही, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिचाही, आणि चाकाची आपोआप सरळ होण्याची सवय मोडते. भोर सोडल्यावर बऱ्या रस्त्यावर पन्नास-पंचावन्नच्या वेगात एक चाक खड्ड्यात जातं, आणि पुढची दोन्ही चाकं अशी थडथडू लागतात की स्टिअरिंग हातात धरलंय की हाताला बांधलंय हे समजेनासं होतं. ब्रेक मारून गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय हे अंगात आलेलं उतरत नाही. मग गॅरेजमध्ये स्टिअरिंग डॅम्पर बसवतात. तो थरथर दाबून ठेवतो. ती का आली, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. इकडे उचललेल्या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढलेला असतो, त्यामुळे त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर झिजतात. क्रॉस वाजू लागले की मालक म्हणतो, हल्ली पार्टच चांगले येत नाहीत.

या थरथरीचं खरं निदान करायला लागतो एक स्प्रिंगचा काटा. गावोगावचा भंगारवाला जुने पेपर ज्या हुकाला टांगून तोलतो, तोच. पुढची चाकं जॅकवर उचलायची, टायरॉड सोडवायचा, चाकाबरोबर वळणाऱ्या नकलच्या हाताला काट्याचा हुक अडकवायचा आणि हळू ओढायचं. किती जोर लागला की नकल वळायला लागतो, ते काट्यावर वाचायचं. मूळ मॅन्युअलमध्ये तो आकडा दिलेला असतो. नकल वाऱ्याच्या झुळकीने डुलत असेल तर किंगपिनचे बेअरिंग सैल आहेत. त्यांच्या वरच्या झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. त्यातली एखादी काढली की बेअरिंग आवळलं जातं. जाड काढली तर वळणच जड होतं, म्हणून एक काढायची, झाकण आवळायचं, परत ओढून बघायचं. इतकं करूनही थरथर राहिली तर टायरॉडचे एंड, पाट्याचे बुश, चाकांचं बॅलन्सिंग. सगळं काम चटईवर आडवं पडून होतं. यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही, आणि मला वाटतं हीच या कामाची खरी अडचण आहे.

यावर जीपवाले म्हणतात, की उंची ही हौस नव्हे, गरज आहे. सह्याद्रीत दगड असतात. असतात, मान्य. पण दगडाला लागतं ते डिफरन्शियल, आणि ते अॅक्सलवर असतं. शॅकल लांब करून वर जाते ती चेसिस, बॉडी आणि आतली माणसं. दगड आणि डिफरन्शियल यांच्यातलं अंतर शॅकलने एका काडीनेही वाढत नाही. ते वाढवतो फक्त टायर, आणि तोही उंची वाढली त्याच्या निम्म्यानेच: एकतीस इंची टायरने तीन इंच मिळाले तर डिफरन्शियलच्या वाट्याला दीड. या दीड इंचासाठी बासष्टातल्या उरलेल्या घोड्यांवर दहा टक्के ओझं टाकायचं का, हा हिशेब ज्याने त्याने करावा. चिखलाच्या वाटेवर तर अरुंद टायर वरची घाण कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. रुंद टायर पुष्कळदा वरच्या वर पोहत राहतो. फोर-लो टाकली की ट्रान्सफर केस चाकांचा जोर २.४६ पट करते. जिला अख्ख्या भाताच्या खाचरातून बाहेर यायचं आहे तिच्यासाठी हा आकडा कारखान्यातच दिलेला आहे. अनेक जिपांमध्ये फोर-लोचा दांडा वर्षानुवर्षं हलवलेला नसतो, आणि म्हणून हलवू म्हटलं तर हलतही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जीपचा इतिहासच मुळी सुधारणांचा आहे, मग आम्हालाच का अडवता? खरंच आहे. ते उंच बॉनेट ही काय सौंदर्यदृष्टी नव्हती. हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच निघालं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, तेव्हा विलीजने बॉनेटच उंच केलं. वधूपेक्षा माळ छोटी निघाली तर माळ लांबवतात, तसंच. पुढे पेट्रोलच्या जागी डिझेल आलं, तीही सुधारणाच. फरक इतकाच, की कारखाना एक वस्तू बदलतो तेव्हा तिच्या शेजारच्या चार वस्तूंचं गणित मांडतो, आणि सुरुवात कोऱ्या धातूपासून करतो. आपण सुरुवात करतो ती चाळीस वर्षं सोसलेल्या चेसिसपासून. हरियाणातल्या डबवालीला ही कला एका वेगळ्याच टोकाला गेली आहे. तिथे इतकं बदलतात की जुनं काय उरलं असा प्रश्न पडावा. ते लोक निदान प्रामाणिक आहेत. ते दुरुस्ती करतो असं म्हणतच नाहीत. राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा ठणकावून सांगितलं आहे. पंधरा वर्षांनी जीप पासिंगला नेताना हौशी मालक रात्रभर जागून मूळचे टायर परत चढवतो. त्या एका दिवशी जीप जशी चालते, तशी ती एरवी कधीच चालत नाही. पण त्यावरून काही अनुमान काढावं असं त्याला सुचत नाही.

घाटमाथ्यावरून उतार लागला, की मात्र या लेखाच्या आग्रहाला थोडं मागे सरावं लागतं. जुन्या सीजेला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मास्टर सिलिंडर एकपदरी. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर पाझरला, एक होज फुटला, की पॅडल थेट जमिनीला आणि चारही चाकं मोकळी. एक पाय मोडला तर उरलेल्या तिघांवर उभं राहणाऱ्या खुर्चीइतकीही सोय यात नाही. तेव्हा दुपदरी मास्टर सिलिंडर ही सुधारणा ज्याला करावीशी वाटते, त्याने ती रीतसर परवानगी घेऊन जरूर करावी; इथे मूळपणाचा अभिमान कामाचा नाही. पण ब्रेक धरत नाहीत म्हणून येणाऱ्या जिपांमध्ये आधी लायनर आणि ड्रममधली फट बघावी. हे ब्रेक आपलेआप जुळत नाहीत, झीज झाली की हाताने जुळवावे लागतात, आणि ते जुळवलेले नसतात. ओढ्यातून आल्यावर ड्रममध्ये पाणी असतं, तेव्हा पुढच्या शंभर पावलांत पॅडल हलकं दाबत ते वाळवायचं असतं. आणि वरंधा उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असली, की इंजिनच निम्मे ब्रेक मारतं. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे लोक आहेत. ते काय वाचवतात आणि काय घालवतात, ते माझेरीच्या वळणांना विचारावं.

महाडला रात्रीच्या मुक्कामानंतर सकाळी चावी फिरवली, की 'टक्' होतं आणि शांतता. इथे देशभरातलं निदान एकच: बॅटरी गेली. मोठी बॅटरी येते, आणखी चार दिवसांनी पुन्हा 'टक्'. मग स्टार्टर नवा, मग जाड वायर. खरा आरोपी पुष्कळदा इंजिन आणि चेसिस यांच्यामधली विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. तिची दोन्ही टोकं गंजलेली, मधे हिरवट साय चढलेली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे स्टार्टरने खाल्लेला करंट बॅटरीला परत पोचायला ही पट्टी हा राजमार्ग. तो बंद झाला की करंट गल्ल्या शोधतो: क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची तार. केबल तापून धूर निघाला तर तोही याचाच. शोधायला एक स्वस्त मल्टिमीटर पुरतो. त्याची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. काटा अर्ध्या व्होल्टच्याही वर गेला, तर परतीची वाट अडली आहे. वाट मोकळी करायला सँडपेपरचा तुकडा लागतो. नवी बॅटरी दुकानदाराला परत करता येत नाही, ती मात्र राहते.

परतीचा चढ हा या प्रवासातला परीक्षेचा पेपर. दुपार कलली की कोकणातून येणारा वारा पाठीमागून असतो. जीप दुसऱ्या गिअरमध्ये वाऱ्याच्याच वेगाने चढते, म्हणून रेडिएटरला समोरून वारा असा लागतच नाही. जे काय आहे ते पंख्याचं. तापमानाचा काटा सरकू लागतो. इथे आपल्या गॅरेजांनी एक उपाय कधीच करून ठेवलेला असतो: थर्मोस्टॅट काढून फेकून दिलेला. आपल्या हवेत तो लागत नाही, असं त्यामागचं शास्त्र. मग सपाटीवर इंजिन पुरेसं तापतच नाही, डिझेल जास्त पितं, आणि ज्या चढासाठी हे केलं तिथे ते तरीही तापतंच, कारण मुळात रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात. थर्मोस्टॅट खरा दोषी आहे का, हे तपासायला चहाचं पातेलं बस झालं. पाण्यात तो दोऱ्याने टांगायचा, गॅस पेटवायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला तो कमळासारखा उघडला तर निर्दोष. पातेलं मात्र नंतर घरात परत घेतलं जाईल याची हमी नाही. चढावर मागून निघणारा धूरही बोलका असतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि गोडसर वासाचा असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये चाललं आहे आणि हेड गॅस्केटची बातमी वाईट आहे. या इंजिनवर टर्बो चढवण्याची स्वप्नं बघणाऱ्याने आधी एकदा मागे वळून बघावं.

वाघजाईच्या देवळाजवळ, भजीच्या टपऱ्यांपुढे, वर आलेल्या जिपा बॉनेट उघडून ओळीने उभ्या असतात. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकणाबरोबर वर येतं. इंजिन हाताला सोसेल इतकं निवायला अर्धा तास जातो. तेवढ्यात कांदाभजीच्या दोन बशा होतात, आणि शेजारचा जीपवाला वाकून आपल्या पुढच्या चाकाकडे बघत विचारतो, एकतीस इंची का हो?