उघडतं का?

आमच्या सोसायटीतल्या अपग्रेडकाकांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी ती उलटी करतात. किंमत, रंग, कंपनी सगळं मागाहून. बुडाशी स्क्रू आहेत का, हे पहिलं. पुतण्यासाठी फ्लॅट बघायला गेले, तेव्हा माहिती देणाऱ्या मुलीला त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "या वन बीएचकेचा पुढे टू होतो का?"

सध्याचं त्यांचं लाडकं अपत्य म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून लीज संपून बाजारात आलेला एक लिटरचा पीसी. या जातीच्या डब्यांचं आकारमान खरोखरच लिटरमध्ये सांगतात. लेनोव्होचा टायनी, डेलचा मायक्रो, एचपीचा मिनी, सगळे लिटरभराच्या आसपास. काकांनी ही माहिती घरी दिली तेव्हा काकूंनी विचारलं, "रोज घ्यायचाय की एक दिवसाआड?"

"हा उघडतो!" काका सांगतात. मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकतं. आत लॅपटॉपच्या रॅमचे दोन स्लॉट, एसएसडीची जागा, आणि प्रोसेसरसुद्धा सॉकेटमध्ये, म्हणजे तोही बदलता येणारा. हे सगळं पाहुण्यांना दाखवता यावं म्हणून झाकण सहसा लावलेलंच नसतं. रॅम 8 जीबीची 16 झाली, 16 ची 32. काढलेल्या पट्ट्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातात; विकायचा विषय काढायचा नाही. एवढ्या तयारीच्या यंत्रावर काका लाइट बिल भरतात आणि पंचांगाची पीडीएफ बघतात. "32 जीबी झाली म्हणून चतुर्थी काही लवकर येत नाही," हे काकूंचं निरीक्षण.

याच्या आधीचा डबा सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा होता. त्याच्यासाठी काकांनी तपकीर गल्लीतली दुकानं पालथी घालून आठव्या पिढीचा प्रोसेसर पैदा केला. दोघांच्याही सॉकेटचा आकडा 1151. छत्तीस गुण जुळल्यावर आणखी काय बघायचं? बसवला, आणि स्क्रीनवर काळोख. सॉकेट तेच असलं तरी त्या बोर्डाला आठवी पिढी चालत नाही. पुढे 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, आणि विंडोज 11 ने सहाव्या पिढीला दारातूनच परत पाठवलं. रॅम वाढवलेली, एसएसडी नवी, पंखासुद्धा नवा. डब्यातलं सगळं बदलून झालं होतं, नेमकं जे बदलायला हवं होतं ते सोडून. शेवटी काकांनी अख्खा डबाच बदलला. हा त्यांच्या मते मोठा अपग्रेड.

मॅक मिनीचा विषय निघाला की मात्र काकांना पानिपतचा सूर लागतो. सनावळ्या तोंडपाठ. 2010 च्या मिनीचं बूड हाताने फिरवलं की निघायचं, रॅम समोर. 2014 ला रॅम बोर्डावरच डकवली. 2018 ला पुन्हा सुटी केली ("पण एसएसडी डकवली, लबाड!"). 2020 ला रॅम थेट चिपच्या कुशीत जाऊन बसली, ती बसलीच. उघडणारे लॅपटॉप विकून नाव कमावलेल्या फ्रेमवर्कने 2025 साली छोटा डेस्कटॉप आणला. त्यातही रॅम डकवलेलीच. त्या बातमीनंतर काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

रॅम चिपला खेटून असली की वेग वाढतो, वीजही कमी लागते. स्लॉट घातला तर तेवढा वेग टिकत नाही. डकवण्याचं हे कारण खरं आहे. रॅम नंतर वाढवता येत नसली की ती विकत घेतानाच कंपनी सांगेल त्या भावाने घ्यावी लागते, हेही खरंच. काकांना फक्त दुसरं कारण ऐकू येतं. मला विचाराल तर साधा हिशोब आहे: सुटी रॅम ज्यात बसते ते घ्यायचं, नाहीतर पहिल्याच दिवशी थोडी जास्त घ्यायची. पण हे काकांना सांगण्यात अर्थ नाही. पहिल्याच दिवशी पुरेसं घेतलं तर पुढचे रविवार काढायचे कसे?

गेल्या दिवाळीत काकूंनी स्वतःच्या पैशांनी 2024 चा मॅक मिनी आणला. 16 जीबी, बंद डबा. आणल्या संध्याकाळी सोसायटीचा रखडलेला हिशोब पुरा करून सेक्रेटरींना पाठवून दिला. काका लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी मिनीवर काकूंच्या सुवाच्य अक्षरातली पाटी चिकटली: "हे यंत्र चालू आहे. उघडण्याचे कारण नाही."

काकांनी चष्मा लावून पाटी दोनदा वाचली, मिनी अलगद उलटा केला आणि मला म्हणाले, "म्हणजे उघडतो! नाहीतर पाटी कशाला लावली असती?"